पेडल थांबवलं की गप्प बसणारं हब कसं निवडावं

मी दोन्ही कानांत श्रवणयंत्रं लावते. बारीक, टोकदार आवाज उचलून देणं हे त्यांचं कामच. त्यामुळे शेजारून सायकल चालवणारी मैत्रीण बोलत असताना मी पेडल मारायचं थांबवलं, की तिचं पुढचं वाक्य मागच्या चाकाच्या टर्ररमध्ये वाहून जातं. काही जणांना हा आवाज आवडतो, घंटीऐवजी वापरताही येतो म्हणतात. त्यांचं त्यांना लखलाभ. ज्यांचे कान किटलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी आवाज हबचाच, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या तुंब्याचाच आहे ना, हे बघा. सपाट रस्त्यावर वेगात असताना पेडल थांबवा, आवाज सुरू झाला की जोर न लावता पाय हळूच फिरवायला लागा, इतके की पाय चाकाला जेमतेम गाठतील. टर्रर थांबली तर हबच. नाही थांबली तर डिस्कला घासणारा ब्रेक पॅड, सैल आरा किंवा फ्रेमवर आपटणारी साखळी शोधा. नवं हब घेऊन त्यातलं काहीच सुटणार नाही. पुढच्या हबकडे बघायचीही गरज नाही, त्यात टिकटिकणारं काही नसतंच.

मागच्या हबचा ज्या भागावर गियर बसतात, त्याला फ्रीहब म्हणतात. त्याच्या आत छोटे खटके असतात, त्यांना पॉल म्हणतात. मागची स्प्रिंग त्यांना दात्यांच्या कड्यावर दाबून धरते. पेडल मारलं की पॉल दात्यात अडकतात आणि चाक ओढलं जातं. पेडल थांबलं की ते प्रत्येक दात्यावरून घसरून पुढच्या खाचेत आपटतात, तोच हा आवाज. म्हणजे आवाज तीन गोष्टींवर ठरतो: दाते किती, स्प्रिंग किती कडक आणि आत ग्रीस किती. जाहिरातीत पहिलीच गोष्ट छापलेली असते. बाकीच्या दोन दुकानात उभं राहून हातानेच कळतात.

दात्यांचा हिशेब सोपा आहे. १८ जागी अडकणारं हब दर २० अंशांनी पकड घेतं, ३६ वालं १० अंशांनी, ७२ वालं ५ अंशांनी. साधारण २.१ मीटर परिघाचं चाक ताशी २५ किलोमीटरला सेकंदाला सव्वातीन वेळा फिरतं. तेव्हा १८ दात्यांचं हब सेकंदाला साठेक वेळा टिकटिकतं आणि ७२ वालं दोनशे चाळीसेक वेळा. पहिल्याचा आवाज सुटा, जाडसर असतो, दुसऱ्याची सलग, वरच्या पट्टीतली घूं होते. माझ्या यंत्रांना दुसरा अजिबात सोसत नाही. तुमच्या कानाला उलटंही वाटू शकेल, कारण कमी दात्यांत एकेक टिक मोठी असते. म्हणून नुसता आकडा बघून विकत घेऊ नका.

आकड्यांची ही शर्यत बरीच पुढे गेली आहे. इंडस्ट्री नाइनच्या हायड्रा हबमध्ये ११५ दाते आणि सहा पॉल आहेत. सगळे पॉल एकदम न पडता आळीपाळीने पडतात, म्हणून एका फेऱ्यात ६९० जागी पकड मिळते, म्हणजे जवळपास अर्ध्या अंशाला एक. कारागिरी म्हणून लाजवाब! पण शांतता हवी असेल तर दुरून नमस्कार. क्रिस किंगचं ७२ दात्यांचं हबही त्याच्या घूंसाठीच ओळखलं जातं.

इतकी झटपट पकड लागते कोणाला? दगडधोंड्यांतून चढताना अर्धा-अर्धा पेडल मारत जाणाऱ्यांना, हे खरं. रस्त्यावर, कामावर जाताना, लांबच्या सहलीत तिचा फारसा उपयोग नाही. शिवाय हबमधले २० अंश पायापर्यंत तेवढेच पोचत नाहीत. पुढची चकती मागच्या गियरच्या दुप्पट दात्यांची असेल तर पायाला जास्तीत जास्त १० अंशांची मोकळीक जाणवते. तेवढी मी आनंदाने सोसते.

म्हणून बहुतेकांना माझा सल्ला कंटाळवाणा वाटेल: शिमानोचं मधल्या किमतीचं साधं हब घ्या. दाते बेताचे, स्प्रिंग मवाळ, आत कारखान्यातूनच ग्रीस. पूर्ण मुकं नसतं, पण गप्पा मारता येतात. त्यातली खोट अशी की त्यांचं फ्रीहब उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेलंच नसतं. बिघडलं की सहसा अख्खं बदलतात.

संपूर्ण शांतता हवीच असेल तर पॉल सोडून द्यावे लागतात. ऑनिक्सच्या हबमध्ये स्प्रॅग क्लच असतो. त्यात दाते नाहीत, गोल कड्यांच्या मधे छोटे तिरके तुकडे बसवलेले असतात. एका दिशेने ते मोकळे सरकतात, दुसऱ्या दिशेने दाराखालच्या पाचरीसारखे घट्ट रुततात. आवाज नाहीच, आणि पकडही तत्काळ. म्हणजे शांतता आणि पकड यांपैकी एकच मिळतं हा समज इथे मोडतो. मोजावं लागतं ते वजन आणि किंमत. उभं राहून जोर लावला की पहिल्या क्षणी किंचित लवचीक वाटतं, असंही ते चालवणारे सांगतात. हबमध्येच गियर असलेल्या सायकलींचा मात्र भरवसा धरू नका. जुनी स्टर्मी-आर्चर तीन-गियरवाली तर काही गियरमध्ये पेडल मारतानाही टिकटिकते.

या दोन टोकांच्या मधे डीटी स्विसचं स्टार रॅचेट. यात पॉलऐवजी समोरासमोर दाते असलेल्या दोन चकत्या असतात. १८, २४, ३६ आणि ५४ दात्यांच्या जोड्या मिळतात, त्यामुळे हब तेच ठेवून आवाज बदलता येतो. बहुतेक मॉडेलांत चाक काढल्यावर टोपी आणि फ्रीहब हातानेच ओढून निघतात. जुन्या दोन स्प्रिंगच्या रचनेचे आणि ईएक्सपी नावाच्या नव्या रचनेचे भाग एकमेकांत बसत नाहीत, एवढं मागवताना पाहा.

दुकानात चाक हातात घ्या. कॅसेट, म्हणजे मागच्या गियरचा संच, उलटी फिरवून बघा: खरखर कडक लागली तर स्प्रिंग जोरकस आहे. मग चाक जोरात फिरवा आणि वेग ओसरत थांबेपर्यंत ऐका, कारण काही हब वेगात सुसह्य आणि हळू झाल्यावर त्रासदायक असतात. रिमही लक्षात घ्या. खोल, पोकळ कार्बन रिम आवाज वाढवते. तेच हब उथळ अ‍ॅल्युमिनियम रिमवर बरंच सौम्य वाटतं. कोरं करकरीत हब कोरडं असू शकतं, म्हणून आत काय घातलंय ते विचारा. अ‍ॅक्सलची रुंदी, फ्रीहबचा प्रकार, डिस्कची बसवणी आणि आऱ्यांची भोकं जुळतात का, हे सांगायला नकोच.

आणि ग्रीस. गोंगाट करणाऱ्या हबवर हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण जपून. जाड ग्रीस ठासून भरलं की पॉल चिकटतात, दात्यांत वेळेवर पडत नाहीत, आणि उभं राहून जोर लावताना पेडल एकदम निसटतं. त्यात दाते जातात आणि दातही जाऊ शकतात. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं. कंपनीने सांगितलेलंच घ्या, दात्यांवर पातळ थर पुरे. पॉलच्या खोबणीत तर फारच थोडं. काढताना स्प्रिंगची दिशा फोनवर टिपून ठेवा.

जोडल्यावर चाक उचलून पुढे फिरवा. पेडलंही सोबत फिरत राहिली तर ग्रीस जास्त झालंय. रस्त्यावर अशाने वरची साखळी ढिली पडून लोंबते. पुसून पुन्हा लावा. पहिल्या फेरीत बसूनच चालवा, थांबा, जोर लावा, असं वीसेक वेळा करा आणि मगच पेडलवर उभं राहा. नेहमी वाजणारं हब काही न करता एक दिवस आपोआप शांत झालं, तर खूश होऊ नका. पॉल चिकटले असतील, उघडून बघा.