ओपन रेल्समध्ये व्हॅक्यूम ब्रेक: थळ घाट उतरवणारी आणि सगळ्या आवृत्त्यांत चालणारी फाइल

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये नाशिक रोडहून मुंबईकडे निघालेली गाडी देवळाली, घोटी करत इगतपुरीपर्यंत ब्रेकच्या चुका पोटात घालत जाते. त्यापुढे कसाऱ्यापर्यंत थळ घाटाचा १:३७ चा उतार आहे, आणि तिथे फाइलमधला एक चुकीचा आकडाही गाडी हाताबाहेर घालवतो. जुन्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाला व्हॅक्यूम ब्रेकचे डबे लावून घाट उतरवायचा असेल, तर ब्रेकची बांधणी आधी नीट करायला हवी. या ब्रेकमध्ये पाइपमधला व्हॅक्यूम घटवला की ब्रेक लागतो, पुन्हा भरला की सुटतो; एअर ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतो. बऱ्याच भारतीय मॉडेल्सच्या फाइली एअर ब्रेकच्या इंजिनावरून उचललेल्या असतात. त्यात प्रकार तेवढा 'व्हॅक्यूम' केलेला असतो, आकडे एअरचेच राहतात. दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

एक सूचना आधीच: पॅरामीटरची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहायची.

मूळ फाइलला हात लावू नका

आवृत्ती बदलली की फाइल पुन्हा दुरुस्त करायची, हा उद्योग टाळण्याचा सरळ मार्ग ओपन रेल्सनेच दिला आहे. ट्रेनसेटमध्ये (इंजिनं आणि डबे ठेवायच्या फोल्डरमध्ये) त्या इंजिनाचा किंवा डब्याचा जो फोल्डर असेल, त्यात 'ओपनरेल्स' नावाचा उपफोल्डर करा. मूळ फाइलचं जे नाव, त्याच नावाची नवी फाइल त्यात ठेवा. पहिली ओळ रिकामी सोडा, ही अट आहे. दुसऱ्या ओळीत 'इन्क्लूड' आणि कंसात दोन टिंबं, स्लॅश, मूळ फाइलचं नाव. त्याखाली 'वॅगन' आणि इंजिन असेल तर 'इंजिन' असे ब्लॉक उघडून बदलायच्या तेवढ्याच ओळी लिहा. २००१ चा मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर हा उपफोल्डर वाचतच नाही, त्यामुळे जुन्या गेमसाठी मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

ओपन रेल्सला अनोळखी पॅरामीटर दिसला तर ते तो ओलांडून पुढे जातं. म्हणून २०१८ ची १.३, २०२१ ची १.४, २०२२ ची १.५ आणि त्यानंतरच्या टेस्टिंग आवृत्त्या या सगळ्यांना एकच फाइल चालते. नवीन शब्द नव्या आवृत्तीला कळतात, जुनी ते सोडून देते. याचा तोटाही लक्षात ठेवा: स्पेलिंग चुकलं तरी ओळ गुपचूप सोडली जाते, आणि आपण समजतो की आकडा लागू झाला.

स्पेलिंगचे दोन सापळे हमखास अडकवतात. कमाल ब्रेकबळासाठीचा सिलिंडर दाब ज्यात लिहायचा त्या पॅरामीटरच्या नावात 'ब्रेक' हा शब्द 'मॅक्स'नंतर लागोपाठ दोनदा येतो: ब्रेक सिलिंडर प्रेशर फॉर मॅक्स ब्रेक ब्रेक फोर्स. छपाईची चूक समजून एक 'ब्रेक' काढलात की ओळ मेली. दुसरा सापळा 'मॅक्स ऑक्झिलरी चार्जिंग रेट'मध्ये आहे. इंग्रजी शब्दातला दुसरा 'आय' या नावात नाही. तो घालून शुद्ध करू नका.

ओळींचा क्रम

'ब्रेक सिस्टीम टाइप' ही ओळ वाचताच प्रोग्रॅम त्या डब्याची ब्रेक यंत्रणा तयार करतो, आणि ब्रेकच्या बाकी ओळी त्या यंत्रणेत भरल्या जातात. म्हणून ही ओळ ब्रेकच्या सगळ्या ओळींच्या वर हवी. इन्क्लूड फाइलमध्ये प्रकार बदललात, तर यंत्रणा नव्याने तयार होते आणि मूळ फाइलमधून आलेले ब्रेकचे आकडे पुसले जातात. तेव्हा प्रकार लिहिलात की त्याखाली ब्रेकची प्रत्येक ओळ पुन्हा लिहा.

साध्या प्रवासी डब्यासाठी 'वॅगन' ब्लॉकमध्ये सुरुवातीला हे आकडे घ्या:

ब्रेक सिस्टीम टाइप: व्हॅक्यूम सिंगल पाइप (इथे शब्दांमध्ये अंडरस्कोर)
मॅक्स ब्रेक फोर्स: ४० किलोन्यूटन
ब्रेक सिलिंडर प्रेशर फॉर मॅक्स ब्रेक ब्रेक फोर्स: २१
मॅक्स ॲप्लिकेशन रेट: ३
मॅक्स रिलीज रेट: १.५

२१ हा आकडा इंच पाऱ्यात आहे, शेवटचे दोन दर सेकंदाला किती इंच पारा, असे आहेत. २१ भागिले ३ म्हणजे पूर्ण ब्रेक लागायला सात सेकंद, सुटायला चौदा. मालगाडीला दोन्ही आकडे आणखी कमी करा.

डब्ल्यूडीएम-२ च्या ईएनजी फाइलमध्ये (इंजिनाच्या फाइलमध्ये) 'वॅगन' आणि 'इंजिन' असे दोन्ही ब्लॉक असतात आणि ब्रेकचे आकडे दोन्हींत विखुरलेले असतात. एकच ब्लॉक दुरुस्त करून थांबू नका. 'इंजिन'मध्ये 'ट्रेन ब्रेक्स कंट्रोलर मॅक्स सिस्टीम प्रेशर' २१ ठेवा. तिथे ७० किंवा ९० दिसलं तर ते एअर ब्रेकचं उरलेलं आहे. समुद्रसपाटीला हवेचा सगळा दाबच २९.९२ इंच पारा असतो, त्यामुळे व्हॅक्यूममध्ये त्या आकड्यांना अर्थ नाही. आकड्यापुढे एकक न लावता नुसता २१ लिहा आणि पडद्यावर २१ च दिसतात का ते पाहा. ब्रेक हँडलच्या नॉचमध्ये (ठरलेल्या जागांमध्ये) व्हॅक्यूमसाठी 'ट्रेन ब्रेक्स कंट्रोलर व्हॅक्यूम कंटिन्युअस सर्व्हिस स्टार्ट' हा वेगळा प्रकार आहे. त्यात हँडल जिथे ठेवाल, त्या प्रमाणात पाइपमधला व्हॅक्यूम राहतो.

प्रत्यक्षातल्या डब्ल्यूडीएम-२ वर कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्टर (पाइपमधली हवा खेचून व्हॅक्यूम करणारा पंप) एकत्र असलेला एक्स्प्रेसर असतो: इंजिनाचे स्वतःचे ब्रेक हवेवर, गाडीचे व्हॅक्यूमवर, आणि ए-९ हे चालकाचं ब्रेक हँडल दोन्ही सांभाळतं. सिम्युलेटरमध्ये इंजिनाचा प्रकार व्हॅक्यूमच ठेवा, कारण गाडीचा पाइप पुढच्या इंजिनाच्या प्रकारानुसार चालतो. ही तडजोड आहे, पण घाटात डब्यांचे ब्रेक नीट लागणं जास्त महत्त्वाचं.

२१ का, आणि ५० राहिले तर काय

भारतीय रेल्वेत व्हॅक्यूमच्या गाडीला इंजिनात ५३ सें.मी. आणि गार्डच्या ब्रेक व्हॅनमध्ये ४७-४८ सें.मी.च्या आसपास व्हॅक्यूम लागायचा. ५३ सें.मी. म्हणजे जवळजवळ २१ इंच. सगळी आकडेमोड या २१ भोवती फिरते.

आता उताराचा हिशेब. १:३७ वर प्रत्येक टनामागे ९.८१ भागिले ३७, म्हणजे ०.२६५ किलोन्यूटन ओढ असते. १५ डबे प्रत्येकी ४० टनांचे आणि ११३ टनांचं इंजिन मिळून ७१३ टन होतात. ही गाडी उतारावर नुसती धरून ठेवायला १८९ किलोन्यूटन हवेत. डब्यांचं एकूण ब्रेकबळ १५ गुणिले ४०, म्हणजे ६००. म्हणजे साडेएकतीस टक्के ब्रेक पुरतो: व्हॅक्यूम २१ वरून साधारण १४.४ इंचांवर, अर्थात ३६-३७ सें.मी.वर आणला की गाडी धरते. इंजिनाचा स्वतःचा ब्रेक यात धरलेला नाही.

हीच फाइल एअरवरून आली असेल, तर कमाल दाबाच्या जागी ५० असतात. व्हॅक्यूम प्रकारात ते इंच म्हणूनच वाचले जातात. मग पूर्ण २१ इंच घालवले तरी ब्रेकबळ ५० पैकी २१, म्हणजे ४२ टक्केच. प्रवासी गाडीचे ६०० चे २५२ होतात. ती कशीबशी धरते, पण व्हॅक्यूम पावणेसोळा इंचांनी पाडावा लागतो. भरलेल्या ३० बॉक्स वॅगनांची मालगाडी घ्या, प्रत्येकी सुमारे ८१ टन. इंजिनासह २५४३ टन, गरज ६७४ किलोन्यूटनची. वॅगनला ४० च्या हिशेबाने पूर्ण बळ १२००, त्याचे ४२ टक्के ५०४. ही गाडी इमर्जन्सी लावूनही घाटात थांबणार नाही. 'ओपन रेल्समध्ये व्हॅक्यूम ब्रेक लागतच नाहीत' या तक्रारीमागे बहुतेकदा हाच एक आकडा असतो.

आकडा बरोबर असला तरी त्या मालगाडीला ५६ टक्के ब्रेक, म्हणजे जवळजवळ १२ इंचांची घट लागतेच. उरलेली शिल्लक थोडी आहे. शिवाय वेग वाढला की ब्रेक शूचं घर्षण कमी होतं, आणि प्रोग्रॅम तेही धरतो. वरचा हिशेब रांगत्या वेगाचा आहे. म्हणून इगतपुरी सोडतानाच वेग दाबून ठेवा. वेग चढल्यावर ब्रेक शोधत बसलात तर उशीर झालेला असतो.

नव्या आवृत्त्यांत ब्रेक शूचा प्रकार, शूंची संख्या आणि शूवरचं कमाल बळ वेगळं लिहिता येतं. ते लिहिलंत तरी जुनं 'मॅक्स ब्रेक फोर्स' काढू नका. १.३ किंवा १.४ वाल्याला तेवढंच कळतं.

पाइप भरण्याचा वेग

'ब्रेक पाइप चार्जिंग रेट' हा इंजिनाचा आकडा आहे. एअर ब्रेकमध्ये वापरला जाणारा २१ इथे राहिला, तर पाइप एका सेकंदात भरतो, आणि घाटात तो खोटा आधार ठरतो. ०.३ ठेवलात तर शून्यापासून २१ इंच व्हायला ७० सेकंद लागतात, लांब रेकला शेपटीपर्यंत आणखी. वारंवार ब्रेक लावून सोडणाऱ्याचा व्हॅक्यूम भरून येत नाही, हे त्यामुळे खरं वाटतं. डब्यागणिक व्हॅक्यूम किती वेळाने पोचतो ते 'ब्रेक पाइप टाइम फॅक्टर' ठरवतो, ब्रेक लावताना पाइप किती वेगाने रिकामा होतो ते 'ब्रेक सर्व्हिस टाइम फॅक्टर'. 'ट्रेन पाइप लीक रेट' आधी शून्य ठेवा. बाकी सगळं जुळल्यावरच थोडी गळती घाला, नाहीतर दोष कुठला ते कळणार नाही.

वाफेच्या इंजिनाला एक्झॉस्टरऐवजी वाफेच्या झोताने हवा खेचणारे लहान-मोठे इजेक्टर असतात. बॉयलरचा दाब पडला की व्हॅक्यूमही पडतो, तेव्हा आधी बॉयलरचा दाब बघा.

तपासणी

ऑप्शन्समध्ये 'सिंपल कंट्रोल अँड फिजिक्स'ची खूण असेल तर तपासताना काढा, नाहीतर यंत्रणेचा काही भाग प्रोग्रॅम परस्पर सांभाळतो. दोन आवृत्त्या दोन फोल्डरमध्ये ठेवता येतात, पण सेटिंग्ज विंडोजच्या रजिस्ट्रीत सामाईक असतात. एकीत केलेली खूण दुसरीतही दिसते. आकडा बदलल्यावर सेव्ह केलेला खेळ उघडू नका, नव्याने सुरू करा. एका आवृत्तीचा सेव्ह दुसरीत चालेल हेही धरून चालू नका.

गाडी सपाटीवर उभी करा. एफ-५ दाबा, मग शिफ्टसह एफ-५ दाबत ब्रेकच्या पानावर या. वर इंजिनाचा व्हॅक्यूम 'व्ही' म्हणून आणि शेवटच्या डब्याचा 'ईओटी' म्हणून दिसतो. खाली प्रत्येक डब्याची ओळ असते. पहिला आकडा २१ आणि शेवटचा साडेअठरा ते २१ च्या दरम्यान आला की व्हॅक्यूम ठीक आहे. ब्रेक लावून सिलिंडरचे आकडे पुढून मागे वाढत जातात का पाहा.

मधल्याच एका डब्यापासून पुढे आकडे शून्य असतील, तर तिथला होज पाइप जोडलेला नाही. एफ-९ च्या खिडकीतून त्या डब्याचा पाइप जोडा. पाइप जोडलेला असूनही तो डबा ब्रेक घेत नसेल, तर त्याची फाइल एअरची आहे. बॉक्स, बीसीएक्स या जुन्या वॅगना व्हॅक्यूमच्या. बॉक्सएन, बीसीएन एअरच्या. रेकमध्ये मिसळू नका. एखादा डबा नुसता पाइप पुढे नेण्यापुरताच हवा असेल, तर त्याचा प्रकार 'व्हॅक्यूम पाइप्ड' ठेवा.

ब्रेक थोडे सोडायला गेलात आणि सगळेच सुटले, तर डबा अजून एअरच्या ट्रिपल व्हॉल्व्हसारखा वागतो आहे. व्हॅक्यूम ब्रेक मुळातच टप्प्याटप्प्याने सुटतात, त्याला 'ग्रॅज्युएटेड रिलीज'ची खूण लागत नाही. ती एअर ब्रेकसाठी आहे. अशा वेळी उपफोल्डरमधली फाइल वाचली जाते का ते बघा: पहिली ओळ रिकामी आहे ना, कंस पुरते आहेत ना, नाव मूळ फाइलशी तंतोतंत जुळतं ना. डेस्कटॉपवरच्या ओपन रेल्सच्या लॉग फाइलमध्ये त्या डब्याच्या नावापुढे इशारा आला असेल, तर चूक कुठल्या ओळीत आहे ते तिथेच मिळतं.