वर्क परमिटचा निर्णय लांबतो तेव्हा

परदेशातील नोकरीचे नियुक्तिपत्र हाती आलेले असते, शुल्क भरून झालेले असते, बोटांचे ठसेही दिलेले असतात आणि तरीही ऑनलाइन खात्यात आठवडेच्या आठवडे ‘अर्ज विचाराधीन’ एवढेच दिसत राहते. अशा वेळी उशिराने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान त्या काळात मुदत संपून गेलेल्या कागदांमुळे आणि अधीर होऊन टाकलेल्या पावलांमुळे होते, असे माझे ठाम मत आहे. निर्णय कधी होईल हे आपल्या हातात नसते. कागदांच्या मुदती सांभाळणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते.

प्रथम खरोखरच उशीर झाला आहे का, हे तपासावे. अर्ज भरल्याच्या दिवसापासून दिवस मोजण्याची चूक सर्रास होते. ब्रिटनमध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी देशाबाहेरून केलेल्या अर्जावर साधारणपणे ३ आठवड्यांत आणि देशातून केलेल्या अर्जावर ८ आठवड्यांत निर्णय होतो. पण हा काळ ओळख पटवून कागदपत्रे दिल्यानंतर सुरू होतो. युरोपीय संघाच्या ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चकुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या राहण्या-काम करण्याच्या परवान्यासाठी, कमाल ९० दिवसांची मर्यादा आहे, मात्र ती अर्ज परिपूर्ण असेल तरच लागू होते आणि अधिक कागद मागितले गेले की ते मिळेपर्यंत हे घड्याळ थांबते.

त्यानंतर फाईल नेमकी कोणाच्या टेबलावर आहे ते शोधावे, कारण बहुतेक देशांत ही प्रक्रिया दोन टप्प्यांत चालते. अमेरिकेत एच-१बीसाठी, म्हणजे विशेष कौशल्याच्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसासाठी, आधी कंपनी याचिका दाखल करते आणि ती मंजूर झाल्यावर, उमेदवार देशाबाहेर असल्यास, वाणिज्य दूतावासात व्हिसाची मुलाखत होते. कॅनडात अनेक नोकऱ्यांसाठी आधी कंपनीला श्रमबाजारावरील परिणामाचे मूल्यमापन, म्हणजे एलएमआयए, मिळवावे लागते. पहिल्या टप्प्यातील अर्जदार कंपनी असते, त्यामुळे त्याबाबत आपण कितीही पत्रे पाठवली तरी उत्तर कंपनीलाच किंवा तिच्या वकिलालाच मिळते. जादा शुल्क भरून मिळणारी जलद सेवाही त्या-त्या टप्प्यापुरतीच असते. अमेरिकेतील प्रीमियम प्रोसेसिंगमुळे एच-१बीच्या याचिकेवर १५ कामकाजी दिवसांत कार्यवाही होते, पण दूतावासातील मुलाखतीची तारीख त्यामुळे अलीकडे येत नाही. हे माहीत नसताना पैसे भरणारे लोक पुढे फार निराश होतात.

आता मुदतींकडे वळू, कारण सर्वाधिक लक्ष इथेच हवे. एका कागदावर तीन रकाने आखावेत: दस्तऐवज, मुदत संपण्याची तारीख आणि नव्याने मिळवण्यास लागणारे दिवस. कॅनडासाठीची वैद्यकीय तपासणी १२ महिने ग्राह्य धरली जाते. ब्रिटनसाठी ज्यांना क्षयरोग तपासणी आवश्यक असते, त्यांचे प्रमाणपत्र ६ महिने चालते, तर कंपनीने दिलेले प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र ३ महिन्यांच्या आत अर्जात वापरावे लागते. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा निकाल २ वर्षे वैध असतो. तिसऱ्या रकान्यातील दिवस दुसऱ्या रकान्यातील तारखेतून वजा केले की हालचाल कधी सुरू करायची ते कळते. पासपोर्टचे नूतनीकरण शक्यतो अर्जापूर्वीच उरकावे. मध्येच करावे लागल्यास नवा क्रमांक कार्यालयाला लेखी कळवावा. तसेच मेलचा स्पॅम फोल्डर रोज उघडून पाहावा. माझ्या एका अर्जात अधिक कागद मागणारे पत्र तिथे नऊ दिवस पडून होते आणि उत्तराची अर्धी मुदत त्यातच संपली.

जाहीर केलेला काळ उलटल्यावर चौकशी करावी आणि ती अगदी मोजक्या शब्दांत करावी. अर्ज क्रमांक, पासपोर्टवरील पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ठसे दिल्याची तारीख वरच लिहावी आणि पुढे एवढेच म्हणावे: ‘माझ्या अर्जासाठी जाहीर केलेला काळ अमुक तारखेला पूर्ण झाला आहे. माझ्याकडून एखादा दस्तऐवज प्रलंबित आहे का, हे कृपया कळवावे.’ या प्रश्नाला निश्चित उत्तर देता येते. ‘निर्णय कधी होईल’ याला बहुधा ठरावीक साच्याचे उत्तर येते. दर दोन दिवसांनी पत्र पाठवल्याने फाईल पुढे सरकत नाही. काळ फारच लांबला, तर कायद्याचा मार्गही आहे. जर्मनीत पुरेसे कारण नसताना निर्णय रखडल्यास साधारणपणे ३ महिन्यांनंतर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. मात्र हे पाऊल त्या देशातील परवानाधारक वकिलाच्या सल्ल्यानेच उचलावे. ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नये.

जे आधीपासून त्या देशात राहून मुदतवाढ मागत आहेत, त्यांची काळजी वेगळी असते. जुना परवाना संपण्यापूर्वी अर्ज केलेला असेल, तर बहुतेक ठिकाणी निर्णयापर्यंत संरक्षण मिळते. अमेरिकेत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. ब्रिटन आणि कॅनडातही आधीच्या अटींवर राहता येते. जर्मनीत त्यासाठी तात्पुरते प्रमाणपत्र देतात. अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला, तरी हे संरक्षण हातचे जाऊ शकते. प्रवासाबाबतही सावध राहावे, कारण देशातून केलेला अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन सोडले, तर तो मागे घेतला असे मानले जाते.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा मंजुरी हातात येईपर्यंत देऊ नये, भाड्याचे घर सोडू नये आणि परत न करता येणारे तिकीट काढू नये, हे मी कळकळीने सांगतो. नव्या कंपनीला उशिराची कल्पना आधीच द्यावी आणि रुजू होण्याची तारीख ‘परवाना मिळाल्यापासून अमुक आठवड्यांनी’ अशी लेखी बदलून घ्यावी. कंपनीने ‘तोवर पर्यटक व्हिसावर येऊन काम सुरू करा’ असे सुचवले, तर स्पष्ट नकार द्यावा, कारण विनापरवाना कामाची नोंद पुढील प्रत्येक अर्जात आडवी येते.

मंजुरी आल्यावर तिकीट काढण्यापूर्वी नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, कंपनीचे नाव, कामाचे स्वरूप आणि वैधतेच्या दोन्ही तारखा पासपोर्ट व नियुक्तिपत्राशी ताडून पाहाव्यात आणि चूक आढळल्यास ती त्याच दिवशी लेखी कळवावी.