धर्म समजून घ्यायचाय? आधी कज्जे वाचा

फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिंग करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे माझा उपायही कोर्टाचाच. माझी भाची स्पर्धा परीक्षेसाठी जगातले धर्म वाचते. प्रत्येक धर्माला एक पान: संस्थापक, ग्रंथ, सण. पाठांतराला ठीक आहे. पण धर्माचा माणसांवर जोर कसा चालतो ते कळतं एकाच धर्माचे लोक एकमेकांवर दावा लावतात तेव्हा.

म्हणून दोन धर्मांमधला तंटा घेऊ नका, घरातला घ्या. आणि श्रद्धेचं सगळं बाजूला ठेवून आधी वहीत एवढंच लिहा: कोण काय मागतोय? बहुतेक वेळा पैसा, जागा नाहीतर मयताची सोय.

सुरुवात मुंबईच्या 1866 च्या आगाखान खटल्यानं करा. इराणहून आलेले पहिले आगाखान खोजा या मुसलमान व्यापारी जमातीचे इमाम, म्हणजे धर्मप्रमुख, म्हणून दसोंद घेत, म्हणजे मिळकतीचा ठरलेला वाटा. जमातीतला एक गट म्हणाला, आम्ही सुन्नी, जमातीच्या मालमत्तेशी यांचा काय संबंध? निकाह आणि दफन सुन्नी रिवाजानं होत होतं, हा त्यांचा पुरावा. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी मग खोज्यांचा ‘दसावतार’ हा धर्मग्रंथ तपासला. त्यात विष्णूचे नऊ अवतार, आणि दहावा अली, म्हणजे शियांचे पहिले इमाम! सुन्नी रिवाजांचा उलगडा त्यांनी ‘तकिया’नं केला, म्हणजे छळाच्या भीतीनं खरी श्रद्धा लपवणं. निकाल आगाखानांच्या बाजूनं लागला. एका इंग्रज जज्जानं मुंबईत बसून अख्ख्या जमातीचा पंथ ठरवून टाकला. सत्ता आणि धर्म यांच्यावरची दहा भाषणं एकीकडे आणि हा निकाल एकीकडे. वाचून झाल्यावर माझगावला हसनाबादची इमारत बाहेरून तरी पाहून या. पहिले आगाखान तिथेच दफन आहेत.

नंतर 1908 चा पारशांचा खटला, पेटिट विरुद्ध जीजीभॉय. इथे वहीत दोन रकाने आखा, आत आणि बाहेर. रतनजी दादाभॉय टाटांच्या फ्रेंच पत्नी सुझान, म्हणजे जेआरडींच्या आई, यांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, झाली होती. मग पारशी पंचायतीच्या धर्मादाय निधीवर आणि डुंगरवाडीवर, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेवर, त्यांचा हक्क का नाही? न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्या म्हणण्याचं सार असं: धर्म घेता येतो, पारशी मात्र जन्मावं लागतं. तेही बापाकडून. पारशी बापाची रीतसर नवजोत झालेली मुलं आत, परजातीत दिलेल्या पारशी मुलीची बाहेर. (हेच ते दावर, ज्यांनी त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली.)

तिसरा निकाल कायदा मोडीत काढणारा. मुंबई सरकारनं 1949 मध्ये जातीबाहेर टाकण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा या मुसलमान पंथाच्या धर्मगुरूंनी, म्हणजे सय्यदनांनी, तिला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द केला: बहिष्कार हा पंथाचा अंतर्गत धार्मिक कारभार. इथे बहुमत नंतर वाचा, आधी सरन्यायाधीश सिन्हांचं एकट्याचं विरोधी मत. बहिष्कृताला कबरस्तानही बंद होतं, याचं नातं त्यांनी अस्पृश्यताबंदीच्या कलम 17 शी जोडलंय. 2023 मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजी जड असतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट वाचा, मधले दाखले बिनधास्त गाळा. आणि निकाल म्हणजे धर्म असं मात्र धरू नका. कोर्टाची पायरी चढायला पैसा लागतो, त्यामुळे या कागदांत शेटजी आणि गुरू भरपूर, मशिदीत झाडू मारणारा कुठेच नाही. त्याचं ऐकायला जमातीतल्या ओळखीच्या माणसाकडेच बसावं लागतं.

एवढं पचलं तर 1954 चा शिरूर मठाचा निकाल घ्या. आपलं पुण्याजवळचं शिरूर नव्हे, उडुपीचा मठ. धर्मातलं ‘आवश्यक’ काय, हे कोर्टानं तपासायची रीत तिथून पडली. तो मात्र रविवारी घ्या, लांबलचक आहे.