झोपेत दात खाणं: माझा अनुभव
सकाळी उठलं की कानापुढे जबडा ठणकायचा. चहात बुडवलेलं कांकण (गोव्यातला बांगडीसारखा कडक पाव) सुद्धा चावताना दुखायचं. फोंड्याला आईकडे राहायला गेले तेव्हा ती म्हणाली, "अगं, रात्रभर करकर दात खातेस. जंत झाले असतील." जंतांचं औषध घेतलं, काही फरक पडला नाही.

म्हापशाच्या दंतवैद्य बाईंनी आरसा धरून दाखवलं: सुळ्यांची टोकं सपाट, एका दाढेला बारीक चीर. एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं आवरण, हा शरीरातला सर्वांत कठीण भाग, पण एकदा झिजला की पुन्हा येत नाही. ऐकून पोटात गोळा आला. त्यांनी माप घेऊन नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, करून दिला. त्यानं सवय जात नाही, दात वाचतात. पहिले काही दिवस नुसती लाळ सुटायची.

खरा फरक दिवसा पडला. हिशेब करताना मी दात आवळून बसते, हे लक्षातच नव्हतं. आता संगणकावर चिठ्ठी चिकटवली आहे: ओठ मिटलेले, दात सुटे. संध्याकाळची कॉफी सोडली. तुम्ही घोरत असाल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. झोपेत श्वास अडकण्याशी याचा संबंध असू शकतो.

२ महिन्यांत ठणका थांबला. चिरलेल्या दाढेवर मात्र कॅप बसवावी लागली.