इंग्रजी फ्रेजल व्हर्बला फ्रेंच प्रतिशब्द कसा शोधावा

यवतमाळ-वर्धेकडच्या खेड्यांतून फ्रेंच शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी पुस्तके बहुधा इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारी असतात, आणि त्यामुळे ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘रन आउट’ अशा, लहान शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांपाशी, म्हणजे फ्रेजल व्हर्बपाशी, त्यांची गाडी हमखास अडते. अशा वेळी त्यांना सहसा दोन सल्ले मिळतात: फ्रेजल व्हर्बच्या याद्या पाठ करा, किंवा आधी इंग्रजी पक्के करा आणि मगच फ्रेंचला हात लावा. माझ्या मते हे दोन्ही सल्ले विद्यार्थ्याचे नुकसान करतात. इंग्रजी वाक्य आणि फ्रेंच वाक्य यांच्यामध्ये एक धड मराठी वाक्य ठेवले, तर पुष्कळसे काम तिथेच होते.

सुरुवातीला पूर्ण वाक्य घ्या, सुटे क्रियापद घेऊ नका. फ्रेंच उच्चार येथे देवनागरीत जवळपासचे दिले आहेत. वर्णलेखन मात्र शब्दकोशातूनच उतरवून घ्यावे.

यापुढची पायरी सर्वांत अवघड आहे, आणि मलाही तिने फार काळ छळले आहे. इंग्रजी क्रियापदाला चिकटलेल्या ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ या लहान शब्दांसाठी वेगळा फ्रेंच शब्द शोधण्याचा मोह होतो, पण असा शब्द बहुधा नसतोच. इंग्रजी माणूस हालचालीची रीत क्रियापदात सांगतो आणि दिशा त्या लहान शब्दावर सोपवतो. फ्रेंच याच्या उलट चालते: दिशा मुख्य क्रियापदात येते, आणि रीत सांगायचीच असेल तर ती शेपटासारखी मागून जोडली जाते. मराठीची चालही हीच आहे. ‘शी रॅन इन्टू द हाउस’ याचे सरळ मराठी ‘ती धावत घरात शिरली’ असे होते. त्यात ‘शिरली’ हे मुख्य क्रियापद असून ‘धावत’ ही रीत आहे. फ्रेंच वाक्य होते ‘एल एताँत्रे दाँ ला मेझों आँ कुराँ’, म्हणजे ‘ती शिरली, घरात, धावत’. शब्दक्रम तेवढा बदलला, बांधणी आपलीच राहिली.

वर्धा नदी पोहून पार करणाऱ्याबद्दल इंग्रजी ‘स्विम अक्रॉस’ म्हणेल. मराठीतले ‘पार करणे’ फ्रेंचमध्ये ‘त्राव्हेर्से’ होते आणि ‘पोहून’ या शब्दाच्या जागी ‘आ ला नाझ’ येते. गोऱ्ह्याने लाथ मारून गोठ्याचे दार उघडले, तर इंग्रजीत ‘किक’ हेच क्रियापद होते आणि ‘ओपन’ मागे येते; फ्रेंच मात्र मराठीप्रमाणे ‘दार उघडले’ हे मुख्य धरते आणि ‘दँ कु द प्ये’, म्हणजे ‘एका लाथेने’, असे मागून जोडते. अशी दहा-बारा वाक्ये आपल्या शेतातल्या आणि घरातल्या कामांवरून स्वतः तयार करावीत. बंडीवरून उडी मारून उतरणे, पोते ओढत बाहेर काढणे, धुऱ्यावरून चालत पलीकडे जाणे, यांचे फ्रेंच करून पाहिले की बांधणी अंगवळणी पडते.

येथे एक ताकीद द्यावीशी वाटते. मराठीत आपण ‘खाऊन टाकले’ असे म्हणतो, तेव्हा ‘टाकले’ याचा अर्थ फेकणे नसून काम पुरते झाल्याची खूण असते. ‘ईट अप’ यातील ‘अप’चेही काम तेच आहे. ही खूण फ्रेंचमध्ये शब्दशः नेऊ नका. ‘इल आ तू माँझे’, म्हणजे ‘त्याने सगळे खाल्ले’, एवढे पुरते.

जिथे हालचाल नाही आणि अर्थ लाक्षणिक आहे, तिथे कर्म पाहिल्याशिवाय फ्रेंच शब्द ठरवूच नये. ‘गिव्ह अप’ घ्या. बिडी सोडली तर ‘आरेते द फ्युमे’; जमिनीवरचा हक्क सोडला तर ‘रनोंसे आ’; बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला आपली जागा दिली तर ‘सेदे सा प्लास’; कोडे सुटत नाही म्हणून हार मानली तर ‘झ दोन मा लाँग ओ शा’, म्हणजे अक्षरशः ‘मी माझी जीभ मांजराला देतो’. एका इंग्रजी जोडीपुढे एकच फ्रेंच शब्द देणारी यादी म्हणूनच निरुपयोगी आहे. त्याचप्रमाणे ‘टेक ऑफ’ हे कपड्यांसाठी ‘आँलव्हे’ आणि विमानासाठी ‘देकोले’ होते, तर मोटारपंप बंद पडला म्हणजे ‘ब्रेक डाउन’ झाला, तर ‘तोंबे आँ पान’ म्हणावे.

अडल्यास फ्रेजल व्हर्बचा भारदस्त इंग्रजी पर्याय आठवून पाहावा. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला; म्हणून ‘गो इन’साठी ‘एन्टर’ आठवले की ‘आँत्रे’ सापडते, ‘गो डाउन’साठी ‘डिसेंड’ आठवले की ‘देसाँद्र’. इंग्रजीत पुस्तकी वाटणारे हे शब्द फ्रेंचमध्ये रोजच्या वापरातले असतात, त्यामुळे ते वापरताना संकोच करू नये. मात्र ‘आताँद्र’ दिसले म्हणून ‘अटेंड’ समजू नका. त्याचा अर्थ वाट पाहणे असा आहे.

फ्रेंच भूतकाळात मुख्य क्रियापदाआधी ‘एत्र’ (असणे) किंवा ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) हे सहायक क्रियापद लागते; ‘तो’बरोबर त्यांची रूपे ‘ए’ आणि ‘आ’ अशी होतात. यांतले कोणते घ्यावे हे ठरवताना दिशा सांगणाऱ्या हालचालीच्या क्रियापदांपुरता मराठीचा ‘ने’ उपयोगी पडतो. ‘तो बाहेर पडला’ येथे ‘ने’ नाही, म्हणून ‘इल ए सोर्ती’. ‘त्याने पोती बाहेर काढली’ येथे ‘ने’ आहे, म्हणून ‘इल आ सोर्ती ले साक’. हा नियम याहून पुढे ताणू नका. ‘तो धावला’ येथे ‘ने’ नसूनही फ्रेंच ‘इल आ कुर्यु’ असेच म्हणते, आणि ‘मी विसरलो’, ‘मी शिकलो’ या वाक्यांचीही तीच गत आहे. उलट ‘उठणे’, ‘बसणे’ यांसारखी ‘स’ (म्हणजे ‘स्वतःला’) लागणारी क्रियापदे भूतकाळात नेहमी ‘एत्र’च्या गटात जातात: ‘इल से लव्हे’, म्हणजे तो उठला.

‘लुक फॉर’, ‘वेट फॉर’, ‘लिसन टू’, ‘लुक अॅट’ यांची फ्रेंच क्रियापदे, म्हणजे ‘शेर्शे’, ‘आताँद्र’, ‘एकुते’ आणि ‘रगार्दे’, कर्म थेट घेतात. ‘फॉर’ दिसला की ‘पुर’ लावण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. ‘लुक आफ्टर’साठी ‘सोक्युपे द’ वापरताना मात्र ‘द’ सोडून चालत नाही, म्हणून वहीत ते क्रियापद ‘द’सकटच, एखाद्या पूर्ण वाक्यात लिहून ठेवावे.