फॉस्टर केअरमधल्या मुलांना मदत करताना मंडळ्या करतात त्याच त्या चुका

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या समुदायांना, अनाथाश्रम चांगला कळतो. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळात नगर भागात मिशनऱ्यांनी सांभाळलेली मुलं, हे आपल्या घराघरांत ऐकलेलं असतं. त्यामुळे पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, कोणी ‘मुलांसाठी काहीतरी करू या’ म्हटलं, की दहा मिनिटांत चर्चा जागा, शेड आणि पाटीपर्यंत पोचते. तिथेच थांबा. नोंदणी न करता बालगृह चालवणं हा बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे गुन्हा आहे. आणि नोंदणी झाली तरी तिथल्या मुलाला घर मिळत नाही, खाट मिळते. फॉस्टर केअरमध्ये मूल काही काळासाठी एका कुटुंबात राहायला येतं. त्याच्याविषयीचे निर्णय मात्र बाल कल्याण समितीच्याच (अशा मुलांसाठी कायद्यानं नेमलेली समिती) हातात राहतात. मंडळीचं काम त्या कुटुंबाच्या पाठीशी उभं राहायचं, तेही आवाज न करता. इथेच सगळं बिनसतं.

मुलाच्या हातात माईक देणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, आणि करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. एका मंडळीत नाताळच्या कार्यक्रमात असंच झालं. फॉस्टर कुटुंबात नुकती आलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिला स्टेजवर बोलावलं, नावानिशी ओळख करून दिली, ‘हिचे वडील दारू प्यायचे, आई टाकून गेली, पण देवानं हिला घर दिलं’ असं सांगितलं आणि टाळ्या झाल्या. तरुण संघाची मुलं हे सगळं यूट्यूबवर लाइव्ह दाखवत होती. दोन दिवसांत व्हिडिओ मुलीच्या गावातल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचला. मामा चौघांना घेऊन फॉस्टर कुटुंबाच्या दारात उभा राहिला. समितीनं कुटुंबाला बोलावून घेतलं. मुलीला शाळेत ‘ती व्हिडिओवाली’ हे नाव पडलं. शेवटी तिला दुसऱ्या घरात हलवावं लागलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतलं कोणीही पुढच्या महिन्यात त्या कुटुंबाकडे फिरकलं नाही.

कायद्याचं कलम ७४ अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची प्रार्थना-विनंती त्यातून सुटत नाही. ‘आपल्या ग्रुपवर सगळे आपलेच आहेत’ हे वाक्य ऐकलं की समजावं, फोटो बाहेर गेलेला आहे.

उपाय अगदी साधा. मुलाचं पहिलं नाव सोडून मंडळीत कोणाला काही सांगायचं नाही. ‘हा कोण?’ विचारलं तर ‘आमच्याकडे राहतो’, आणि लगेच दुसरा विषय. संडे स्कूलच्या स्नेहसंमेलनात फोटो काढणाऱ्याला आधीच गाठून सांगायचं. प्रार्थनेसाठी विनंती करायची तर मुलासाठी नको, त्या कुटुंबासाठी करा. ती तेवढीच ऐकली जाते.

‘कागद नंतर बघू’

चर्चच्या पायरीवर कोणी बाळ ठेवून गेलं किंवा एखाद्या बाईनं पाळकबाईंच्या हातात मूल दिलं, तर २४ तासांच्या आत पोलिसांना, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा बाल कल्याण समितीला कळवायचं. न कळवणं हा गुन्हा आहे. ते मूल मंडळीतल्या मूलबाळ नसलेल्या जोडप्याला परस्पर देऊन टाकणं तर कलम ८० मध्ये बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद. नोटरीसमोर स्टँप पेपरवर ‘दत्तकपत्र’ करून आणणारे अजून भेटतात. तो कागद रद्दीत घाला.

गोंधळाचं कारण जुनं आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी (बौद्ध, जैन, शीख धरून), त्यामुळे ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला रीतसर दत्तक घेता येतं. तरी आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या डोक्यात दत्तक, पालकत्व आणि फॉस्टर हे तिन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात.

दत्तकाची रांग चुकवायला फॉस्टर

२०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फॉस्टर कुटुंबाला दोन वर्षांनंतर दत्तकाची वाट मोकळी केली, आधी पाच होती. लगेच लोकांना शॉर्टकट दिसला. अहो, फॉस्टरमध्ये येतात ती सहा वर्षांवरची मुलं. अनेकांचे आईवडील हयात असतात आणि काही मुलं परत घरी जातात. तान्हं बाळ हवं असेल तर सरळ दत्तकाच्या पोर्टलवर नोंदणी करा आणि थांबा. मनात दत्तक धरून फॉस्टरला बसलेलं कुटुंब मुलाच्या आईच्या प्रत्येक भेटीला घाबरतं, आणि मुलाला ते बरोबर कळतं.

पहिल्या आठवड्यात पंगत, चौथ्या महिन्यात शुकशुकाट

मूल आलं की केक येतो, फुगे येतात, पाच स्कूलबॅगा येतात. पहिले काही आठवडे मूलही शहाण्यासारखं वागतं, कारण ते पाहुणा आहे. या घरात आपल्याला ठेवणार आहेत याचा थोडा विश्वास बसला की ते घराला ताणून बघायला लागतं: अंथरूण ओलं होतं, शाळेत मारामारी होते, उशीखाली शिळ्या चपात्या सापडतात. तेव्हा कुटुंबाला माणसं लागतात, आणि तोवर मंडळीचा उत्साह नवीन साउंड सिस्टिमकडे वळलेला असतो.

एका कुटुंबामागे सहा जण धरा आणि प्रत्येकाला एकच काम आणि ठरलेले वार द्या. मंगळवार-शुक्रवार रात्रीचा डबा एकीकडे. गणिताचा अभ्यास दुसऱ्याकडे. शाळेत ने-आण तिसऱ्याकडे. सरकारी कचेऱ्या ज्याला जमतात अशा एखाद्या निवृत्त माणसाकडे आधार दुरुस्ती, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं कार्ड आणि बँक खातं. उरलेल्या दोघांनी आळीपाळीनं शनिवारी तीन तास घरी येऊन बसायचं, म्हणजे नवरा-बायकोला बाहेर पडता येतं. मुलाला रात्रीसाठी आपल्या घरी घेऊन जायचं नाही, बाल संरक्षण कक्षाला विचारल्याशिवाय तर नाहीच. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला यादीत घेऊच नका. थकलेला माणूस सांगत नाही. वर्षभरासाठी नावं लिहून घ्या. सहा महिन्यांत कंटाळणारे असतील तर ते आधीच कळलेलं बरं.

उशीखालच्या चपात्यांवरून ओरडायचं नाही. खायला मिळेल की नाही याची खात्री नसलेलं मूल साठवतं. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, बिस्किटं, आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. साठवणं आपोआप कमी होतं. अंथरुणासाठी रबरी शीट, जास्तीच्या दोन चादरी, आणि चर्चा शून्य. छडी तर घरात दिसताच कामा नये. ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो’ हे असेल खरं, पण आधीच मार खाल्लेल्या मुलाला त्या हाताचा अर्थ वेगळा लागतो.

बाप्तिस्म्याची आणि नव्या नावाची घाई

मूल हिंदू घरातलं असेल, बौद्ध असेल, मुसलमान असेल. फॉस्टर पालकाला त्याचा धर्म किंवा नाव बदलायचा अधिकार नाही. ‘आकाश’ला ‘डेव्हिड’ म्हणणं बंद करा. रविवारी त्याला उपासनेला यायचं नसेल तर घरातला एक मोठा माणूस त्याच्याबरोबर थांबेल, हे आधीच ठरवा. जेवणाआधीच्या प्रार्थनेला ते डोळे मिटत नसेल तर नसेल. अनाथांचा आणि विधवांचा समाचार घ्या सांगणाऱ्या याकोब १:२७ या बायबलच्या वचनावर दरवर्षी प्रवचन होतं, त्यात बाप्तिस्म्याची अट कुठेही नाही.

पाळकांचं शिफारसपत्र

‘कुटुंब नियमित उपासनेला येतं व दानधर्मात पुढे आहे.’ फॉस्टरसाठी कुटुंब तपासायला गृहभेटीला येणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीला याचा काडीचा उपयोग नाही. घरात कोण कोण राहतं, कोणी पितं का, राग आला की नवरा काय करतो, स्वतःची मुलं तयार आहेत का, ते लिहा. आणि शिफारस करावीशी वाटत नसेल तर पत्र देऊ नका, खजिनदाराचा भाऊ असला तरी.

बाकी किरकोळ. फाटके कपडे, अर्धवट लिहिलेली वर्कबुकं दान म्हणून आणू नका. मुलाच्या आईबद्दल त्याच्यासमोर वाईट बोलू नका, ती भेटीला येणार आहे. बहीण-भावंडं असतील तर एकत्र ठेवता येतील असंच घर बघा, कायदाही तेच म्हणतो. आणि पैसे: मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत फॉस्टर केअरसाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण ते ठरल्या तारखेला खात्यात पडतीलच असं धरून कोणी शाळेची फी भरायला जाऊ नये. मंडळीनं तीन महिन्यांचे १२,००० बाजूला काढून ठेवावेत, कुटुंबाला उसने द्यावेत, अनुदान आलं की परत घ्यावेत. हिशेब खजिनदाराकडे, एका वहीत, मुलाचं नाव न लिहिता.