पोत्याची खोळ, घोंगडीची खोळ

उशीचा अभ्रा ही खोळ, रेनकोटची टोपी म्हणजे हूड आणि रिक्षाचं कापडी छप्परही हूडच. पण आषाढात कोकणात कुणी ‘खोळ घे’ म्हटलं, की डोकं आणि पाठ एकदम झाकणारी पावसाळी खोळ समजायची. भातलावणीत दोन्ही हात चिखलात असतात आणि वाकल्यावर पाऊस थेट पाठीवर येतो, म्हणून तिथे छत्री कुचकामी.

पोत्याची खोळ दोन मिनिटांत होते, कापाकापी नाही. पोतं आतून प्लॅस्टिकचा थर असलेलं घ्या. नुसत्या विणीच्या पोत्यातून पाणी झिरपतं. सिमेंटचं नको, त्याची भुकटी ओल्या कातडीला भाजते. कीटकनाशकांच्या पिशवीला तर हातच लावू नका. खताचं पोतं उलटं करून तीन पाण्यांनी धुवा, नाहीतर घाम आला की मान चुरचुरते.

आता पोतं जमिनीवर पसरा, बंद बूड डोक्याकडे आणि तोंड पायाकडे. बुडाचा डावा कोपरा आत ढकलत उजव्या कोपऱ्यात नेऊन बसवा. टोकाला टोक घट्ट भिडलं पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं: आतलं टोक अपुरं राहिलं तर वरचं लुळं पडतं, त्यात पाणी साचतं आणि मान हलवली की ते कपाळावर ओघळतं. आतली पिशवी सुटी असेल तर तीही कोपऱ्याबरोबर सरकवा. पोत्याची रुंदी ६० सेंमी असेल तर टोपीची खोली ३० सेंमी येते, मोठ्या माणसाला ती पुरते. बुडाची शिवण बरोबर टाळूवरून जाते, म्हणून तिच्यावर आधी मेणबत्ती घासा.

वाऱ्याने खोळ मागे उडते. कपाळाच्या कडेपासून वीतभर खाली दोन्ही बाजूंना तापलेल्या खिळ्याने भोक पाडा. कडा वितळून बसतात, वीण उसवत नाही. त्यातून सुतळी ओवून हनुवटीखाली सुरगाठ मारा. निरगाठ नको, खोळ कुठे अडकली तर गाठ पटकन सुटली पाहिजे. खोळीत कानही झाकतात, तेव्हा रस्त्यावरून चालताना मागची गाडी ऐकू येईल या भरवशावर राहू नका.

तासन्‌तास वाकून लावणी करायची असेल तर मात्र इरलं बरं. बांबूच्या विणलेल्या दोन जाळ्यांमध्ये पानं दाबून ते करतात. ते ताठ असल्यामुळे पाठीला चिकटत नाही, खालून वारा खेळतो. झाडीतून चालताना मात्र ते जागोजागी अडकतं.

गुरांमागे हिंडायला घोंगडी. तिची अरुंद कड मधोमध दुमडून दोन्ही अर्ध्या कडा लोकरीच्या जाड दोऱ्याने बोटभर अंतरावर टाके घालून शिवा. टोक मागे लोंबतं, ते लोंबू द्या. पुढची कड चार बोटं उलटी दुमडली की डोळ्यांवर येत नाही. लोकरीतल्या नैसर्गिक मेणामुळे पाणी वरच्या वर निथळतं, म्हणून घोंगडी साबणाने धुऊ नये. भिजल्यावर पिळूही नका, आकार जातो. चुलीपासून हातभर लांब, आडव्या वाशावर पसरून ठेवा.